प्रकृतीच्या वह्या

धारेला आमच्या घराची पुढली खोली बाबांची. ते वैद्य होते, तिथे रोगी पाहत. मी मधल्या दाराआड बसून त्यांच्या घाईने खरडलेल्या मोडी टिपणांची स्वच्छ नक्कल करीत असे. मुलीच्या जातीला मोडी कशाला, असे आईने एकदा विचारले. "माझा हात दुखतो. तिला काम होईल," म्हणाले बाबा, आणि विषय संपला. मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. मला मोडी येते हे बाहेर कोणाला सांगायचे नाही, एवढी अट होती.

त्या वह्यांत औषधे थोडी आणि माणसे फार. वात, पित्त, कफ हे शरीराचे झाले, मनाचे कोणी मांडलेच नाही, असे बाबांचे म्हणणे. म्हणून त्यांनी स्वतःचे शास्त्र बसवायला घेतले होते. पंचमहाभूतांतले आकाश कोणाच्या वाट्याला येत नाही, उरली चार. माणूस मातीचा, नाहीतर पाण्याचा, आगीचा किंवा वाऱ्याचा. मातीचा माणूस सगळे पोटात ठेवतो. वाऱ्याच्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. प्रत्येकाची एक बाजू भक्कम, एक उघडी. आणि कोणाचे कोणाशी जमते ते या बाजूंवर ठरते. एकाच प्रकृतीची दोन माणसे आधी खुशीत असतात, मग एकमेकांना कंटाळतात. अगदी उलट प्रकृतीची दोन माणसे एकमेकांची उणी बाजू झाकतात, आणि खरा संसार त्यांचाच. हा शेवटचा सिद्धांत बाबांचा लाडका. तो त्यांना सिद्ध करायचा होता.

रोगी येई खोकल्याचा, आणि बाबा पाहत बसत तो जोडे कसे काढतो, वाट पाहताना हात कुठे ठेवतो. नालछ्याकडचा एक म्हातारा शेतकरी एकदा चिडून म्हणाला, "वैदजी, नाड़ी देखो, म्हारो मूंडो कई देखो?" बाबांनी तोंड पाहणे थांबवले नाही. तो उठून गेल्यावर त्यांनी लिहिले, आगीचा. ते पान मीच उतरवले.

इतरांची पाने उतरवताना मजा वाटे. पण घरच्यांची एक वेगळी वही होती. ती माझ्याकडे कधी आली नाही, बाबांच्या उशाशी असे. त्यामुळे जेवताना बाबा माझ्याकडे पाहून हसले की मला वाटे, हे हसू माझ्यासाठी आहे की मी परत हसते का ते बघायला? एकदा मी पडून गुडघा फोडून घेतला. बाबांनी जखम धुतली, लेप लावला. सगळे करताना त्यांची नजर मात्र माझ्या चेहऱ्यावर होती. मी रडायची थांबले. रडले तर काय लिहितील आणि नाही रडले तर काय लिहितील, याचाच विचार करत राहिले.

माझ्या लग्नाला त्यांनी इतका उशीर लावला, की सोळा सरून सतरावे लागले. त्या दिवसांत हे म्हणजे फारच झाले. तीन स्थळे चांगली चालून आली होती. पत्रिका जुळल्या, मंडळी पसंत होती, पण बाबांनी नकार दिला. एकाला पाण्याचा म्हणून, दोघांना वाऱ्याचे म्हणून. मी वाऱ्याची, असे त्यांनी ठरवून ठेवले होते, आणि त्यांना मातीचा जावई हवा होता. गल्लीतल्या बायका आईला आडून आडून विचारू लागल्या, मुलीला काही दुखणे आहे का? आई घरात येऊन भांडी आदळी. बाबा तेही पाहत.

मग देवासचे स्थळ आले. मुलगा धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून, आईवडील नाहीत, घरी थोरली विधवा बहीण. देवास गाव एकच, पण राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. मुलगा पाहायला आला त्या दिवशी बाबांनी आईला सांगितले, भाजीत मीठ घालू नकोस. आई रडकुंडीला आली. "पाहुण्याला अळणी भाजी? माझी काय शोभा राहील?" पण तिला घालू दिले नाही. मुलाने मुकाट्याने भाजी संपवली आणि वर थोडी मागून घेतली. बाबांचा चेहरा असा उजळला की जणू मूळव्याधीवर हमखास औषध सापडले.

"मातीचा," ते आत येऊन आईला म्हणाले. "अस्सल."

लग्न झाले. निघायच्या दिवशी बाबांनी मला पुढल्या खोलीत बोलावले, दार लोटले. "दर पंधरा दिवसांनी घरी पत्र लिहशीलच," ते म्हणाले. "त्यात एक वेगळा कागद घालत जा. मोडीत. ते काय बोलतात, कधी गप्प होतात, कशावर चिडतात, काय लपवतात. मातीची माणसं लपवतात, ते तू ध्यानात ठेव. विचारू नकोस. नुसतं पाहा. आणि हे तुझ्या आईलाही कळता कामा नये."

मला तेव्हा अभिमान वाटला, हे कबूल करायला हवे. जन्मभर मी पाहिली जात होते. आता पाहायचे काम माझ्याकडे आले होते.

देवासचे घर लहान होते, टेकडीच्या पायथ्यापासून फार लांब नाही. वन्सं, म्हणजे यांच्या भगिनी, मायाळू आणि कमी बोलणाऱ्या. आणि हे तर त्याहून कमी बोलणारे. कचेरीतून आले की पाय धुवायचे, देवाला नमस्कार करायचा, आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "बरं आहे ना?" मी म्हणे, "बरं आहे." पुढे काही नाही. कधी मी रुसून बसले तरी कारण विचारायचे नाहीत, नुसते लांबून पाहत राहायचे. मी पाहते आहे तसेच तेही पाहताहेत, असे मला एकदोनदा वाटले. मग वाटले, माझ्या मनाचे खेळ.

मी बाबांना लिहिले. आज दोन वाक्ये बोलले. आज हात धुताना काहीतरी सांगायला आले आणि थांबले. काय लपवतात कळत नाही. पत्र टाकायला हेच नेत. पाकीट दोन्ही बाजूंनी उलटून बघत आणि कोटाच्या खिशात ठेवत. मी पाकिटाला खळ दाट लावू लागले.

तिसऱ्या महिन्यात माझ्या ध्यानात आले की हे बुधवारी उशिरा येतात. कचेरी सुटल्यावर सरळ घरी न येता रस्ता ओलांडून थोरल्या पातीत जातात. तेव्हा एका पातीच्या नोकराने दुसऱ्या पातीत विनाकारण जाऊन बसणे लोकांच्या डोळ्यांत येई. मी वन्संना विचारले.

"तिकडे त्याचा एक लहानपणचा मित्र आहे, शाळेत मास्तर," त्या म्हणाल्या.

"दर बुधवारी?"

वन्संनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले. "मला काय ठाऊक? तो मला कधी सांगतो?"

एका बुधवारी आम्ही दोघी देवीच्या दर्शनाला गेलो. परतताना मी मुद्दाम थोरल्या पातीच्या रस्त्याने जाण्याचा हट्ट धरला. एका घराच्या ओट्यावर हे बसलेले दिसले, मांडीवर कागद घेऊन. मान वर केली, आम्हाला पाहिले आणि पहिल्यांदा काय केले असेल, तर कागदावर हात ठेवला. मग उठून आले, म्हणाले, "ऊन फार आहे. टांगा करू का?" वन्सं म्हणाल्या नको, आणि आम्ही चालत आलो.

त्या आठवड्यात यांचा कोट धुवायला काढला तेव्हा आतल्या खिशात अर्धा कागद निघाला. मोडीत होता. मला मोडी येत नाही असे यांना वाटत होते, म्हणून राहिला असेल. अक्षर यांचेच. मी न्हाणीघराच्या दाराशी उभ्याने वाचले.

"मंगळवार. आज सकाळपासून बोलली नाही. भांडी घासताना दोनदा जोराने आपटली. आपण सांगितल्याप्रमाणे कारण विचारले नाही. बुधवार. खिडकीत बराच वेळ उभी होती. बहिणीला काही प्रश्न विचारले, ते माझ्याबद्दल होते असा अंदाज."

"आपण" म्हणजे कोण? घरात तर वडीलधारे कोणी नव्हते. मी तो कागद जसा होता तसा घडी घालून दुसऱ्या कोटात ठेवला आणि ओला कोट वाळत टाकला. दोन दिवस मला जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर सापडले, म्हणजे मला वाटले सापडले. थोरल्या पातीत कोणीतरी मुलीचा बाप असणार. हे दुसरे लग्न करणार आहेत, आणि मला टाकायला काही निमित्त हवे म्हणून माझी वागणूक टिपून ठेवताहेत. अशी गोष्ट मी धारेला ऐकली होती, आमच्याच गल्लीत घडलेली.

मग जे दिसे ते सगळे तिकडेच बोट दाखवू लागले. यांनी मला जांभळे पातळ आणले, तर वाटले, मन शांत ठेवायला. नाही आणले, तर वाटले, बघा. वन्सं माझ्याशी गोड बोलल्या की वाटे, यांना ठाऊक आहे. मी बाबांना सविस्तर लिहिले, पहिल्यांदा शाई डागाळली इतकी रडत लिहिले. कागद सापडला, त्यात काय होते, मला किती भीती वाटते, मला घेऊन जा.

बाबांचे उत्तर आठ दिवसांनी आले. "मातीच्या प्रकृतीचे हेच लक्षण. विचारू नये. घाबरू नये. पाहावे, आणि लिहीत जावे." खाली आईचा आशीर्वाद. बस.

मी तो कागद किती वेळा वाचला सांगता येत नाही. बाबांना माझी काळजी वाटते असे मी त्यात शोधत होते.

असे पाच आठवडे गेले. मी वाळले. वन्सं म्हणाल्या, "काही सांगशील का?" मी म्हटले, "काही नाही." यांचे तेच, "बरं आहे ना?"

मग एके दिवशी दुपारी टपालवाला आला. गावात पाती दोन असल्या तरी टपालाची कचेरी एकच होती. दारात उभा राहून म्हणाला, "थोरल्या पातीतल्या त्या मास्तरांकडे कुलूप आहे, घरचे लोक गावाला गेले. पाकिटावर तुमच्या घरच्यांचं नाव होतं, म्हणून इथेच आणलं."

मी पाकीट घेतले. पत्ता मित्राच्या घरचा, नाव यांचे. आणि अक्षर बाबांचे. सहा वर्षे ज्या अक्षराची नक्कल केली, ते मला अंधारातही ओळखता आले असते. वन्सं आतून विचारत होत्या, कोण आले? मी सांगितले, टपाल. पाकीट मी उघडले नाही. खरे सांगायचे तर उघडायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी यांच्या पानाशेजारी ते ठेवले. हे पाटावर बसले, पाकीट दिसले, आणि चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"तू उघडलंस?"

"नाही."

"वाचायचं होतं तर..."

"आपणच वाचून दाखवा," मी म्हटले. "नाहीतर मला द्या. मला मोडी येते."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तुला मोडी येते?"

"बाबांनीच शिकवली."

यांनी पाकीट फोडले आणि न वाचता कागद माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचू लागले. वन्सं दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"आपले पत्र पावले. चि. सौ.स आपल्या बुधवारच्या जाण्याचा वहीम आला आहे आणि आपण दुसरे लग्न करणार असे तिने मनात घेतले आहे, हे तिच्या टिपणांवरून दिसते. तो वहीम तूर्त काढू नये. वाऱ्याची प्रकृती वहिमात कशी वागते हे इतक्या जवळून पाहावयास मिळणे दुर्मिळ. आणखी दोन महिने असेच चालू द्यावे."

वन्सं म्हणाल्या, "अगं बाई." हे मात्र दुसऱ्याच शब्दावर अडले होते.

"तिच्या टिपणांवरून?" ते म्हणाले. "कसली टिपणं?"

मग मला सांगावे लागले. दर पंधरवड्याचा कागद, खळ, सगळे. ती पाकिटे यांनीच आपल्या हाताने टपालात टाकली होती. हे ऐकत होते आणि पानातला भात गार होत होता. मला वाटले ओरडतील, आणि मला ते चालले असते. ते म्हणाले, "म्हणजे मी गप्प बसलो हे तू लिहीत होतीस."

"हो."

"मी गप्प का बसलो ठाऊक आहे? लग्नाच्या आदल्या दिवशी तुझ्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, वैद्य म्हणून सांगतो, मुलीचं मन नाजूक आहे. फार बोललात, कारणं विचारलीत, तर दुखणं उसळेल. नुसतं लक्ष ठेवा आणि मला कळवत जा, मी औषध ठरवीन. तिला कळू देऊ नका." ते थांबले. "मला वाटलं, तू आजारी आहेस. रोज वाटायचं, आज विचारू, आज विचारू. भीती वाटायची."

"मग त्या दिवशी ती अळणी भाजी? काही बोलला नाहीत..."

"सासूबाईंचे हात थरथरत होते वाढताना. त्यांना कशाला आणखी ओशाळं करायचं?"

मला हसू आले आणि मग रडू. वन्संनी दोघांची पाने उचलली आणि नवीन वाढून आणली. बाबांचा तो कागद त्यांनी चुलीत घातला, आम्हाला न विचारता.

आम्ही दोघांनी लिहिणे बंद केले. पण त्या संध्याकाळपासून सगळे सुरळीत झाले असे म्हटले तर ते खोटे ठरेल. हे माझ्याकडे पाहत तेव्हा मला वाटे, सवय आहे. मी पाहत असे तेव्हा त्यांनाही तेच वाटत असणार, कारण ते मान फिरवीत. आता निदान दोघांना ठाऊक होते, एवढाच फरक.

दीड महिना पत्र नाही म्हणून बाबा स्वतः आले. धारेहून महू, तिथून आगगाडीने इंदूर, पुढे टांगा, असा दोन दिवसांचा प्रवास करून. पाणी प्यायले, आणि पहिले वाक्य, "टिपणं का थांबली?"

हे नमस्कार करून बाजूला उभे राहिले. बोलायचे मलाच होते. बाबांपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"बाबा, मी तुम्हाला लिहिलं होतं की मला भीती वाटते, मला घेऊन जा. तुम्हाला सगळं माहीत होतं. एका ओळीत भीती गेली असती."

"गेली असती," ते म्हणाले. "पण मग पुढचं कळलं नसतं."

"मला इथे दिलंत ते माझ्यासाठी, की वहीसाठी?"

बाबांना प्रश्न खरोखर कळला नाही. ते काही लपवत नव्हते, तेवढे मला ओळखता येत होते. "त्यात फरक काय?" ते म्हणाले. "शास्त्र खरं ठरलं तर तुझं चांगलंच होणार होतं की." हे बोलताना त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर, आणि उजवा हात सावकाश अंगरख्याच्या खिशात शिरलेला.

"बाबा," मी म्हटले, "हात बाहेर काढा."

त्यांनी काढला. रिकामा होता. पण खिशात वही होती, ती मला कापडातून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. वन्संनी दशम्या बांधून दिल्या. टांग्यात बसताना मला म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली." मी टांग्याजवळ सरकले. मग ते पुढे म्हणाले, "तू वाऱ्याची नाहीस. आगीची आहेस." टांगा निघाला. मी दारात उभी राहिले. वन्संनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा आत गेले.

पुढे यांची बदली पीपलरावांला झाली. वन्सं देवासलाच राहिल्या, आम्ही दोघेच गेलो. तिथे पहिल्या महिन्यात आमचे भांडण झाले, दळणाच्या जात्यावरून. यांनी ते मला न विचारता शेजारणीला वापरायला दिले होते. मी ओरडले. यांनीही आवाज चढवला, लग्नानंतर पहिल्यांदा. शेजारीण धावत आली, जाते आत्ताच परत देते म्हणाली. "कई हुयो, बई?" मी म्हटले, काही नाही, भांडतोय. हे ओसरीवर जाऊन बसले, थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "अजून राग आहे का?" मी म्हटले, "आहे." "का?" त्यांनी विचारले. मी तासभर कारणे सांगितली. त्यांनी सगळी ऐकली आणि दोनतीन खोडून काढली.

बाबांना मी नंतर लिहीत असे, पण कार्ड, उघडे. सगळे कुशल आहे, पीक बरे आहे, आईस नमस्कार. त्यांनीही कधी जास्त मागितले नाही. काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी धारेला गेले, थोरल्या मुलीला घेऊन. वह्या कपाटात गेल्या होत्या. आता बाबांना उठवत नव्हते, आणि घरातले आवाज त्यांना नुसते ऐकू येत. मी आणि आई स्वयंपाकघरात हळू बोललो की ते हाक मारीत.

"काय बोलत होता?"

"तूर भरडायची राहिली आहे, तेच," मी सांगे.

ते माझ्याकडे टक लावून बघत. "माझ्याबद्दल काही?"

"नाही, बाबा."

त्यांना ते पटत नसे. आई दाराशी येऊन शपथेवर सांगे, तरी पटत नसे. खरोखर आम्ही तुरीबद्दलच बोलत होतो. पहिले दोन दिवस मी वैतागले. तिसऱ्या दिवशी मी तुरीचे सूप उचलून त्यांच्या खोलीत आणले आणि खाटेशेजारी बसून पाखडू लागले. आई तिथेच भाजी चिरायला बसली. आम्ही जे बोलत होतो ते त्यांच्यासमोर बोलू लागलो. बाबांनी बराच वेळ ऐकले, मग झोपले.